न दुखणारी गाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी कळंब येथे केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी हळदीकुंकू आणि गाणी सोडून ही बाई मानेतल्या गाठींविषयी बोलणार, हे ऐकून पुष्कळजणींनी नाक मुरडले असेल. चिटणीसबाईंनी मला ‘मुलांचा आहार’ हा विषय सुचविला होता. तो त्या दुसऱ्या कोणाकडून करून घेतील. मी सारा जन्म परिचारिकेची नोकरी केली, आणि त्या नोकरीत जे सर्वांत उशिरा शिकले तेच आज सांगणार आहे.

आपणा बायकांचा एक हिशेब ठरलेला असतो. दुखले तर दवाखाना, नाही दुखले तर काम. ठणकणारे गळू आले की आपण पोटीस बांधतो, रात्रभर कण्हतो, सकाळी डॉक्टर गाठतो. न दुखणारी गाठ मात्र महिनोन्‌महिने पदराखाली राहते. मानेच्या बाबतीत हा हिशेब नेमका उलटा पडतो. ठणकणारी गाठ पुष्कळदा आठ दिवसांची पाहुणी असते. विचारपूस करायची ती मुक्या गाठीची.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपण सर्वजणी जाणतो. तशाच रसग्रंथी मानेत पुष्कळ आहेत. मुलाच्या डोक्यात उवा होऊन खरजुले, दात किडला, घसा बसला, की त्या वाटाण्याएवढ्या फुगतात. रोग गेला तरी त्या काही आठवडे हाताला लागतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डोके आणि दात मात्र पाहावेत. कातडीखाली मऊ, बोटाने इकडेतिकडे सरकणारी चरबीची गाठ असते, तीही बहुधा निरुपद्रवी. पण ही बहुधा निरुपद्रवी आहे हे ठरवायचे कोणी? शेजारणीने नव्हे.

गळ्याच्या पुढच्या बाजूला गाठ असेल तर आरशापुढे उभे राहून पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर ती वर सरकली, तर ती बहुधा थायरॉईड ग्रंथीची समजावी. आपल्याकडे गलगंड म्हणतात तो हाच. तो पुष्कळदा अन्नपाण्यात आयोडीन कमी पडल्याने होतो. १९५६ साली हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी काही गावांना आयोडीनचे मीठ देऊन पाहिले, आणि तेथील गलगंड कमी झाला. पुढे १९६२ पासून सरकारने ही मोहीम हाती घेतली. तेव्हा मीठ आयोडीनचे घ्या आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. पण थायरॉईडची प्रत्येक गाठ मिठाने जात नाही. रक्त व सोनोग्राफी तपासावीच लागते.

आता गंडमाळा. मानेच्या बाजूला एकीपाशी एक, माळेसारख्या गाठी येतात म्हणून हे नाव. चरकाच्या काळापासून आपल्या वैद्यांना ती ठाऊक आहे. इंग्लंडात तर राजाचा हात लागला की ती बरी होते अशी समजूत होती; १७१२ साली लहानग्या सॅम्युअल जॉन्सनला त्याची आई ॲन राणीकडे घेऊन गेली होती. राणीने हात लावला, गाठी राहिल्याच. आपण ताईत बांधतो, बिब्बा घालतो, डागतो. त्याने कातडी भाजते आणि आतला रोग आपल्या गतीने चालतो. रोग कोणता? क्षय. क्षय फुप्फुसाचाच असतो असे नाही. ही गाठ दुखत नाही, तापत नाही. पुढे फुटते आणि महिनोन्‌महिने वाहते. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन असेलच असेही नाही.

एका लग्नाच्या मुलीची गाठ तिच्या आईने ओढणीखाली वर्षभर लपवली होती. स्थळे येत होती ना! ती फुटली तेव्हा दोघी रडत माझ्याकडे आल्या. औषध सहा महिने चालले, सरकारी दवाखान्यात फुकट. मध्येच गाठ थोडी मोठी झाली, तेव्हा आई औषध बंद करायला निघाली होती. असे कधी कधी होते. डॉक्टरांना दाखवावे, गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. रोग नुसत्या गाठीत असेल तर ताटवाटी वेगळी करण्याचेही कारण नाही. ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सारे घर अक्का म्हणे, त्यांचे मात्र तसे झाले नाही.

अक्कांना मिश्री लागे. मिश्री काही ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या बायकांचीच आहे असे समजू नका. आपल्या घरांतूनही सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येतो. त्यांच्या जबड्याखाली उजव्या बाजूस सुपारीएवढी गाठ होती. घट्ट, दगडासारखी, न हलणारी. दुखत नव्हती. पदर त्या मानेभोवती घट्ट घेत, आणि मी, जी दिवसभर परक्यांच्या माना चाचपत होते, ती रोज त्यांच्या शेजारी भाकरी थापत बसे आणि मला दिसले नाही. आठ महिन्यांनी त्या सहज म्हणाल्या, ‘‘अगं, तिखट लागलं की गालात आग होते.’’ दिवा धरून पाहिले. गालात आतून चिघळलेली जखम होती. मानेतली गाठ तिचीच होती. परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत गेलो. त्यांना जाऊन आता नऊ वर्षे झाली.

मी तुम्हांस भिववत नाही. शंभरांतल्या बहुतेक गाठी अशा नसतात. पण चाळिशी उलटलेली, तंबाखू वा मिश्री लावणारी, एकाच बाजूस घट्ट गाठ, तोंडात न भरणारी जखम वा पांढरा चट्टा, बसलेला आवाज, घास अडकणे, यांतले काही असेल तर एक दिवस थांबू नये. एरवीही दोन-तीन आठवड्यांत न विरघळणारी कोणतीही गाठ दाखवावी. बारामतीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर बारीक सुईने गाठीतला अंश काढून तपासतात. सुई लावली की गाठ पसरते, हे खोटे आहे.

आपल्या सोलापूरच्या बाजूला बार्शीस १९८७ साली खेड्यांतील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, देशातली अशी पहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन नुसती लक्षणे सांगत. त्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. बोलण्याने एवढे होते.

म्हणून येत्या मंगळवारी दुपारी, भांडी आवरली की, मंडळाच्या खोलीत या. एक आरसा व एक बॅटरी मी आणते. एकमेकींच्या माना व तोंडे पाहू. सासवांना आणा, जावांना आणा. आणि ज्यांच्या कनवटीला मिश्रीची डबी असते, त्यांनी ती त्या दिवशी तरी घरी ठेवून यावे. कोणाकडे आहे ते मला ठाऊक आहे.