शेजारचे वाढीव बांधकाम आणि नागरिकाचा आक्षेप



महाराष्ट्रातील कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दीतील दोन शेजारी घरे डोळ्यांसमोर आणावीत. एका घरी मुलाचे लग्न ठरले आहे. म्हणून बाजूच्या मोकळ्या पट्टीत एक खोली वाढविण्याचा बेत चालला आहे. दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी नेमकी त्या पट्टीकडे उघडते. नवी खोली उभी राहिली, की उजेड गेला, अशी त्या घराला धास्ती वाटते. पहिल्याची गरज खरी आहे आणि दुसऱ्याची भीतीही खरी आहे. असे प्रसंग पुष्कळदा अबोल्याने सुरू होतात आणि भांडणाने संपतात. वास्तविक त्यांचा निवाडा मोजमापाने व्हावा, अशीच कायद्याची योजना आहे.

दोन घरांभोवती सोडावयाच्या या मोकळ्या जागेस नियमांच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. तिच्यामागे दुःखद इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि कोंदट, अंधाऱ्या वस्तीचे परिणाम साऱ्यांच्या ध्यानी आले. १८९८ साली तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. खोलीत उजेड व वारा यावा म्हणून या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा पुरस्कार केला. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या तळापासून त्या कोनात वर नेलेल्या रेषेला समोरच्या इमारतीचा अडथळा होऊ नये, हा त्याचा अर्थ. समोरची इमारत २० फूट उंच असेल, तर मधली जागा सुमारे १० फूट हवी. आजच्या नियमांतील मापे निराळी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी हाच आरोग्याचा विचार आहे.

आज या विषयाचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातील कलम ४४ अन्वये बांधकामाच्या परवानगीसाठी नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. कलम ४५ अन्वये प्राधिकरण परवानगी देते, अटी घालून देते किंवा नाकारते. बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र नियमावली आहे. राज्याच्या बहुतांश उर्वरित भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली लागू झाली. भूखंडाचे क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांनुसार सामासिक अंतर व चटई क्षेत्र निर्देशांक तीत ठरविलेले आहेत.

म्हणून आक्षेप घेणाऱ्याने आपले गाऱ्हाणे या मापांच्या भाषेत मांडले पाहिजे. बाजूचे अंतर कमी पडते, अनुज्ञेय क्षेत्रापेक्षा बांधकाम अधिक होते, निवासी विभागात न बसणारा वापर योजला आहे, किंवा नकाशातील हद्द मोजणीशी जुळत नाही, हे आक्षेप तपासता येतात. दृश्य झाकले जाईल, घराची किंमत उतरेल किंवा शेजारी उद्धट आहे, या तक्रारींना तेथे स्थान नाही. शिवाय आक्षेपकाने प्रथम स्वतःच्या घराचा मंजूर नकाशा काढून पाहावा. आपलीच पडवी सामासिक अंतरात आलेली असेल, तर दुसऱ्याकडे बोट दाखविण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. परिपूर्ण अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळविला गेला नाही, तर नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. लहान भूखंडांसाठी तर २०२० च्या नियमावलीने कार्यपद्धती आणखी सुटसुटीत केली आहे. माहितीच्या अधिकाराखाली नकाशाची प्रत मागता येते. पण त्या उत्तरासच ३० दिवसांची मुदत आहे. तेव्हा सर्वांत जवळची वाट म्हणजे शेजाऱ्याच्याच घरी जाऊन नकाशा पाहणे. त्यानंतरही शंका उरली, तर नियमाचा व मापाचा स्पष्ट उल्लेख असलेला लेखी अर्ज कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

या हक्काच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. शेजाऱ्याची संमती हवीच, असे कायदा सामान्यतः म्हणत नाही. कलम ४७ खालील अपिलाची तरतूद अर्जदारासाठी आहे, आक्षेपकासाठी नाही. उजेडाचा प्रश्न मात्र दिवाणी न्यायालयातही जाऊ शकतो. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ अन्वये, इमारतीस येणारा उजेड व वारा हक्क म्हणून २० वर्षे शांतपणे व अखंड उपभोगला असेल, तर तो हक्क संरक्षित होतो. त्यासाठीही हानी लक्षणीय असल्याचे दाखवावे लागते. थोडासा अंधार पुरेसा नसतो.

विनापरवाना किंवा मंजुरीविरुद्ध काम सुरू झाले, तर ते थांबविण्याची आणि पाडण्याची नोटीस देण्याचे अधिकार प्राधिकरणास आहेत. परंतु भिंत उभी राहिल्यावर पाडण्यात एका कुटुंबाची पुंजी मातीस मिळते आणि दोन घरांतील वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जोत्याची आखणी होण्यापूर्वी, नकाशा कागदावर असतानाच घेतलेला आक्षेप दोघांच्याही हिताचा असतो.

आरंभीच्या त्या दोन घरांपुढेही हा मार्ग मोकळा आहे. नियमांत बसत असेल, तर बाजूची खोली मागील अंगास किंवा वरच्या मजल्यावर नेता येईल आणि सुधारित नकाशा सादर करता येईल. त्याकरिता एकाने नकाशा लपवू नये आणि दुसऱ्याने नियमापलीकडचा हट्ट धरू नये. एवढे झाले, तर नव्या सुनेला खोली मिळेल, शेजारच्या स्वयंपाकघरातला उजेडही राहील आणि लग्नाची पहिली अक्षत त्याच शेजारघरी जाईल.