फूटपाथवरचीं आपलीं माणसें
(एका खेडेगांवच्या शिक्षकानें जत्रेच्या सभेंत केलेलें भाषण)



परवां बाजारांत आपल्यांतलेच एक गृहस्थ म्हणाले, “मुंबईचा फूटपाथ काय ह्या लोकांच्या बापाचा आहे?” नाहीं, बापाचा नाहीं. पण आपल्याच आळींतून किती बिऱ्हाडें मुंबईस गेलीं, तें त्यांनीं आधीं मोजावें. १९७२ च्या दुष्काळांत विहिरी आटल्या, तेव्हां गेलेल्या सुतार-चांभारांच्या गोष्टी मी वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत. बैल विकून गेलेला मनुष्य शहरांत निजणार कोठें? काम मिळेल तेथेंच. हमालास पहांटे चारला बाजारांत उभें राहावें लागतें. त्यानें आठ कोसांवर घर पाहावें कीं काय?

१९८१ च्या जुलैंत राज्य सरकारनें फूटपाथवरच्या झोपड्या पाडून लोकांस त्यांच्या गांवीं धाडण्याचें ठरविलें. भर पावसाळ्यांत! तामिळनाडूंतील सेलमचा एक भूमिहीन मजूर १९६१ सालीं मुंबईस आला होता. त्याची झोपडी पाडली, त्यास बसमध्यें घालून सेलमला पाठविलें. बायको व मुली सेलमलाच राहिल्या. गांवीं काम नव्हतें म्हणूनच तो आला होता. तो परत आला. येणारच!

हें प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें. ओल्गा टेलिस ह्या पत्रकार बाई अर्जदारांत होत्या, म्हणून खटला त्यांच्या नांवानें ओळखतात. १० जुलै १९८५ रोजीं पांच न्यायाधीशांनीं निकाल दिला. घटनेच्या २१ व्या कलमांत जगण्याचा हक्क आहे. पोटाचें साधन काढून घेतलें तर जगणें उरतें कोठें? सबब उपजीविकाही त्या हक्कांत येते, असें कोर्टानें म्हटलें. पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणास हलवूं नये असा हुकूम झाला.

पण मंडळी, खोटें सांगूं नये. फूटपाथ अडविण्याचा हक्क कोणासही नाहीं, हेंही त्याच कोर्टानें सांगितलें. १९७६ च्या गणतींत ज्यांचें नांव होतें, त्यांस दुसरी जागा द्यावी म्हटलें. गणतींत नसलेल्यांनीं काय करावें? निकाल चांगला, पण भाकर अर्धीच.

पुढें २०१३ सालीं केंद्र सरकारच्या शहरी उपजीविका अभियानानें नियम घातला: शहरांत दर १ लाख वस्तीमागें निदान १०० माणसांचा निवारा असावा, आणि तो बारा महिने उघडा असावा. २०११ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती सुमारें १ कोटी २४ लाख. माझ्या तिसरीच्या पोरांनींही हिशेब केला: १२,४०० माणसांची सोय. त्याच खानेसुमारींत मुंबईंत बेघर मोजले ५७ हजारांवर! नियम पुरता पाळला तरी पांचांतले जवळजवळ चौघे उघड्यावरच. तरीही तो मागावा. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. शहराचीं गटारें उपसणारा, विटा वाहणारा मनुष्य शहराचा पाहुणा नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी शहरांत फूटपाथवर राहात असे. एके दिवशीं गाडी आली. भांडीं, अंथरूण, मुलांचीं दप्तरें सगळें उचलून नेलें. भांडीं पुन्हां मिळतात. कागद गेले, तें मोठें संकट. रेशनकार्ड नाहीं, तर हा मनुष्य येथें राहात होता हें दाखवायचें कशानें? त्यानें शाळेकडे दाखला मागितला, मी दोनदां लिहून दिला.

ज्यांचें कोणी शहरांत उघड्यावर असेल, त्यांनीं रविवारीं सकाळीं शाळेंत यावें. जुनीं रजिस्टरें मीं काढून ठेवलीं आहेत. दाखल्याच्या चार नकला करूं; एक येथें गांवांतच ठेवूं.