मुळशीचा हिशेब

निवडणूक असो वा चळवळ असो, राजकीय प्रचारांत सर्वांत प्रभावी बोल पोटाचा असतो. ‘आमच्या योजनेनें काम मिळेल, पैसा येईल, देश पुढें जाईल,’ असें एक पक्ष म्हणूं लागला कीं दुसऱ्याची पंचाईत होते. नुसता नकार दिला तर तो प्रगतीचा वैरी ठरतो. आकड्याला शिवीनें उत्तर दिलें तर ऐकणारा आकड्याच्याच बाजूस जातो. मग उत्तर द्यावें तरी कसें? या प्रश्नाचा विचार करण्यास मावळच्या डोंगरांत शंभर वर्षांपूर्वीं झालेला वाद फार उपयोगी आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस अडवून त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, ही कल्पना जमशेटजी टाटांनीं उचलून धरली. त्यांच्या मृत्यूनंतर १९१० सालीं त्यासाठीं कंपनी स्थापन झाली. १९११ च्या फेब्रुवारींत लोणावळ्यास कोनशिला बसली आणि तेथील पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस उतरवून १९१५ सालीं मुंबईस वीज पोंचविण्यांत आली. पाठोपाठ मावळांतच आंद्रा नदीवर ठोकळवाडीच्या धरणाचें काम निघालें. त्यामुळें लोणावळ्याच्या दक्षिणेस, मुळशीच्या खोऱ्यांत, आणखी एक धरण बांधण्याचें ठरलें त्या वेळीं कंपनीचें म्हणणें हवेंतलें नव्हतें. त्यामागें चालतीं यंत्रें उभीं होतीं.

या म्हणण्याचीं तीन अंगें होतीं. दूरच्या खाणींतून आणावा लागणारा कोळसा वांचेल, हें पहिलें. भांडवल देशी, उद्योग देशी, म्हणून हें काम स्वदेशीचेंच आहे, हें दुसरें. आणि ज्यांची जमीन जाईल त्यांना सरकार कायद्याप्रमाणें मोबदला देववील, हें तिसरें. स्वदेशीच्या त्या काळांत देशी कारखानदारास विरोध करणें म्हणजे स्वतःच्याच ध्वजाविरुद्ध उभें राहण्यासारखें होतें.

पाण्याखालीं जाणारीं गांवें पन्नासाच्या आसपास होतीं. उठविलीं जाणारीं माणसें १० हजारांहून अधिक होतीं, आणि जाणारी जमीन भाताची होती. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते आणि पांडुरंग महादेव बापट पुढें होते; याच लढ्यानें बापटांस ‘सेनापति’ ही पदवी दिली. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’.

प्रचाराच्या दृष्टीनें ही घोषणा तोलून पाहण्याजोगी आहे. मोबदल्याच्या मुद्द्यास तिनें चोख उत्तर दिलें. जी वस्तु विकावयाचीच नाहीं तिची किंमत ठरवितां येत नाहीं, हें तिनें दोन शब्दांत सांगितलें. गांधीजींनींही त्याच महिन्यांत ‘यंग इंडिया’मध्यें मुळशीचा प्रश्न हातीं घेतला. एकाही गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या पदरच्या खर्चानें मिळणाऱ्या लाभांचें मोल काय, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. कोळसा वांचेल हें त्यांनीं खोटें पाडलें नाहीं. एकूण बेरजेवरून लोकांची दृष्टि काढून जमा कोणाची व खर्च कोणाचा याकडे त्यांनीं ती वळविली. प्रतिपक्षाच्या आर्थिक युक्तिवादास याहून परिणामकारक उत्तर सहसा सांपडत नाहीं. आकड्यांतील खरें तेवढें मान्य करावें, म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. आणि मग विचारावें कीं, गिरणीच्या नफ्यांत धान पिकविणाऱ्याचा वांटा कोणता?

परंतु हाच प्रश्न स्वतःच्या घरांतही विचारावा लागतो, आणि तेथें मुळशीचा लढा दुबळा ठरला. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन सावकारांच्या हातीं गेलेली होती आणि त्यांतले अनेक पुण्यास राहत. त्यांना जमीन म्हणजे येणें. मोबदला चांगला मिळाला तर त्यांचें काम भागत होतें. कसणाऱ्या मावळ्यास जमीन म्हणजे चूल. कागदावर नांव नसेल तर त्याच्या हातीं येणार तरी काय? ‘जान किंवा जमीन’ या एका घोषणेखालीं हे दोघे फार दिवस राहणें शक्य नव्हतें. मोबदल्याची बोलणी पुढें सरकली तसा लढ्याचा पाठिंबा ओसरत गेला. शिवाय मुंबईच्या सामान्य माणसास वीज हवीच होती. ती मुळशी न बुडवितां कशी मिळेल, याचें उत्तर त्या घोषणेंत नव्हतें. अखेर बापटांनीं १९२४ सालीं सशस्त्र मार्ग धरला. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि हिशेबाचा वाद मागें पडून हातघाईचाच तेवढा बोलबाला झाला. १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचें वीजघर चालूं लागलें.

म्हणून प्रचारकानें या वादांतून तीन गोष्टी घ्याव्या. विरोधकाचा खरा आकडा नाकारूं नये. त्या आकड्याची वांटणी मागावी. आणि ती मागण्यापूर्वीं आपल्या पक्षांत कोणाचें काय जातें व कोणास काय मिळतें, हें उघड करून मिटवून घ्यावें. नाहींतर प्रतिपक्ष तेथेंच पाचर मारतो.

धरण झालें, तरी मुळशीचा प्रश्न बुडाला नाहीं. महाराष्ट्रानें १९७६ सालीं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ सालीं नवा केंद्रीय कायदा आला. त्यांत जमीन घेण्याआधीं समाजावर होणारा परिणाम तपासावा, असें सांगितलें आहे. आणि जमिनीचा मालक नसलेल्या पण तिच्यावर पोट असलेल्या कुळाची व मजुराचीही गणना बाधितांत केली आहे. ज्यांना १९२१ सालीं कोणत्याच रकान्यांत जागा नव्हती, त्यांचा रकाना कायद्याच्या कागदावर उघडण्यास ९२ वर्षें लागलीं.