भरतीच्या पाण्यात वीज किती?



आमच्या कोपरखैरण्यात खाडीच्या बाजूला एक धारण तलाव आहे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या अनेकांना तो शोभेचा वाटतो. खरे म्हणजे ते एक यंत्र आहे. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहर वसवताना सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर असे तलाव बांधले. भरती आली की खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात आणि शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा आपोआप उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. ना मोटार, ना डिझेल, ना विजेचे बिल.

मध्यंतरी माझी नात माझ्याबरोबर तिथे आली होती. खाडीकडे बघत तिने विचारले, "आजोबा, हे पाणी रोज एवढं चढतं-उतरतं, मग त्याच्यावर वीज का नाही करत?" प्रश्न रास्त होता. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तत्त्व सोपे आहे. खाडीच्या तोंडाशी भिंत घालायची, भरतीचे पाणी आत कोंडायचे आणि ओहोटीला ते टर्बाइनवरून सोडायचे. कोकणातल्या शेतकऱ्याला यातला निम्मा भाग ठाऊकच आहे. खारजमिनीच्या बांधाला तो पिढ्यान्‌पिढ्या 'उघाडी' ठेवत आला. फ्रान्सने १९६६ मध्ये रान्स नदीच्या मुखावर २४० मेगावॅटचे केंद्र उभारले. ते आजही चालू आहे. कोळसा नाही, धूर नाही. शिवाय वारा पडतो, ऊन ढगाआड जाते, पण भरती चुकत नाही. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पुढच्या दहा वर्षांचे वेळापत्रक आज छापता येईल असे दुसरे कुठले इंधन आहे?

मग अडते कुठे? पहिली अडचण उंचीची. कोंडलेल्या पाण्यातली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची निम्मी झाली, तर वीज निम्मी नव्हे, पाव होते. रान्सला भरती-ओहोटीतला फरक सरासरी आठ मीटर आहे. मुंबईच्या किनाऱ्याला तो उधाणाला साडेतीन-चार मीटर आणि भांगाला दीड मीटरच्या आसपास असतो. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला जी वीज मिळेल, तिचा सहावा हिस्सासुद्धा भांगाच्या दिवशी जेमतेम हाती येईल.

आता एक हेक्टरचा, म्हणजे अडीच एकरांचा तलाव धरा. सढळ हाताने तीन मीटर उंची धरा. एका वेळी रिकामा होताना त्यात सुमारे १२५ युनिट ऊर्जा असते. दिवसातून दोन वेळा म्हणजे २५०. त्यातली तीस टक्के पदरात पडली तरी ७५ युनिट. रोज पाच युनिट लागणारी पंधरा घरे! तेवढ्याच जागेवर सौर पट्ट्या मांडल्या, तर उन्हाच्या दिवशी दोन हजारांच्या आसपास युनिट मिळतील. हा हिशेब पाहून माझाच उत्साह थोडा ओसरला.

दुसरी अडचण वेळेची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. ती चंद्राच्या घड्याळावर चालते, आपल्या दिवेलागणीच्या नव्हे. तिसरी अडचण पैशाची. खंबातच्या आखातात ७,००० आणि कच्छच्या आखातात १,२०० मेगावॅटची शक्यता सरकारी अंदाजात सांगितली जाते. पण सुंदरबनातील दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॅटचा आणि कच्छचा ५० मेगावॅटचा, असे दोन्ही प्रकल्प खर्चापायी सोडून द्यावे लागले. दुर्गादुआनीत एका मेगावॅटमागचा खर्च साठ कोटींवर गेला होता. २०१९ मध्ये केंद्र सरकारने सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, पण भरतीवर चालणारे वीजकेंद्र आपल्या देशात अजून एकही नाही.

चौथी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. ती गाळाची आणि जिवांची. रान्सचे बांधकाम चालू असताना खाडीचे मुख काही वर्षे बंद ठेवले होते. आतली जीवसृष्टी जवळजवळ संपली आणि सावरायला दहाएक वर्षे लागली. आपल्या ठाणे खाडीत ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात म्हणून तर फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये हे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर स्थळ. तिथे भिंत घालून पाणी अडवले, तर चिखल बुडेल आणि पक्षी उठून जातील. खाडीत जाळे टाकणाऱ्याचा घासही जाईल.

भिंतीचा हा धडा आम्हाला फ्रान्समध्ये जाऊन शिकायला नको. तो आमच्या तलावातच आहे. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की भरतीचे पाणी आत शिरते, येताना गाळ आणि खारफुटीच्या बिया आणते. गाळ बसतो, खारफुटी रुजते, तलावाची धारणशक्ती घटते. खारफुटीला उच्च न्यायालयाचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, कारण बाहेरच्या लाटेपासून तीच आपल्याला वाचवते. पण मग तलाव साफ करणे सोपे राहत नाही. ऐन पावसात उधाण आले की खाडीकाठच्या वस्तीतला माणूस आभाळाकडे एकदा आणि गटाराकडे दोनदा बघतो.

याचा अर्थ भरतीची वीज फोल आहे असा नाही. दक्षिण कोरियात सिहवा येथे १९९४ मध्ये समुद्र बांध घालून अडवला होता. आतले पाणी सडू लागले. २०११ मध्ये त्याच बांधात २५४ मेगावॅटचे केंद्र बसवले. वीज मिळाली आणि पाणीही खेळू लागले. स्कॉटलंडमध्ये भिंत न घालता, समुद्राच्या तळाशी टर्बाइन ठेवून वेगवान प्रवाहातून वीज काढतात. जिथे भरती उंच, प्रवाह जोरदार किंवा बांध आधीच घातलेला, तिथे हे जमते.

नातीला मी म्हटले, "बाळा, आपल्या खाडीची भरती आपल्यासाठी राबतेच आहे." दर ओहोटीला ती एका अख्ख्या शहराचे पाणी फुकट ओढून नेते. तेवढे पाणी पंपांनी उपसायचे म्हटले, तर किती वीज जाळावी लागेल! न जाळलेली वीज ही मिळवलेलीच वीज. तेव्हा खाडीत नवी भिंत बांधण्याआधी जुन्या झडपा दुरुस्त ठेवू, आणि खारफुटी व तलाव दोन्ही राखून गाळ कसा काढायचा ते ठरवू. छपरावर ऊन आहे, त्याची वीज करू. खाडीला तिचे काम करू देऊ.