बारावीत असतानाच कॉलेजची ओळख

(हितचिंतकांच्या मेळाव्यात पनवेल येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तुमच्यापैकी कित्येकांचे फोन येतात. "बाई, यंदा आपल्या वाड्यांतली किती मुले पास झाली? फी किती भरायची?" हा प्रश्न तुम्ही न चुकता विचारता, म्हणूनच हे काम चालले आहे. पण आज माझी विनंती थोडी वेगळी आहे. ही मदत निकालानंतर देण्याऐवजी एक वर्ष आधी द्या. मूल बारावीच्या वर्गात बसते त्या जूनमध्ये द्या.

असे का, ते सांगते.

आपल्या भागातले कातकरी कुटुंब वर्षभर वाडीवर नसते, हे तुम्ही जाणता. दिवाळी झाली की वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. शेवटचा पेपर झाला की वसतिगृह रिकामे करायचे. घराला कुलूप असते आणि आईबाप भट्टीवर. मग मूल जाणार कुठे? भट्टीवरच. निकाल लागतो, विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी सुरू होते, कॉलेजांच्या याद्या लागतात, तेव्हा हे मूल विटा थापत असते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत असते.

माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतली मुलगी अशीच बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली. भट्टीवरून परतली तेव्हा प्रवेश संपत आले होते. ते वर्ष वाया गेले. पुढच्या वर्षी आपण तिला प्रवेश मिळवून दिला, फी भरली, एसटीचा पास काढला. तीन आठवड्यांनी ती घरी बसली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, मला कुणी बोललं नाही. पण तिथं सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आपल्या कामाची दिशा आहे. असाइनमेंट म्हणजे काय, ती कुणाकडे द्यायची, ग्रंथालयातून पुस्तक कसे काढायचे, सर इंग्रजीत बोलत असताना वहीत काय उतरवायचे, या गोष्टी आपल्या घरांतल्या मुलांना दादा-ताई सांगतात. ज्या घरात दहावीपर्यंतही कुणी पोचलेले नाही, तिथे हे कोण सांगणार? आणि आता तर कॉलेजचे पहिले वर्षच बदलले आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय निवडायचे असतात आणि अभ्यास क्रेडिटमध्ये मोजला जातो. वर्गातल्या शिकवण्याच्या साधारण पंधरा तासांचे एक क्रेडिट. एका सत्राला बावीसच्या आसपास क्रेडिट. हा हिशेब पदवीधर पालकांनाही समजावून घ्यावा लागतो.

म्हणून माझे म्हणणे असे की या मुलांनी कॉलेजच्या अभ्यासाला बारावीत असतानाच हात घालावा.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाने १९५५ मध्ये शाळेतल्या मुलांना विद्यापीठाचे विषय शिकण्याची वाट करून दिली. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये त्यासाठी कायदा केला. तिकडे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतली मुले कॉलेजचा एखादा विषय शिकतात आणि त्याचे क्रेडिट पुढे धरले जाते. मला यातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वाटते ते न्यूयॉर्कचे. तिथे लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच १९७४ मध्ये एक हायस्कूल सुरू झाले, आणि ते शाळा सोडून देण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी होते. हुशार मुलांना आणखी पुढे न्यायचे असा तो विचार नव्हता. जी मुले गळणार असे सगळे धरून चालले होते, त्यांनाच कॉलेजच्या दारात नेऊन बसवले.

आपल्याकडेही सत्तरीच्या आसपासच्या मंडळींना आठवत असेल. पूर्वी अकरावी मॅट्रिक झाली की मूल थेट कॉलेजात जाई. १०+२+३ ची पद्धत आली, १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ मध्ये बारावीची. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी ते मोठ्या कॉलेजच्या आवारातच भरते. म्हणजे आमची काही मुले आजही कॉलेजच्या फाटकातून रोज आत जातात. पण पदवीच्या वर्गात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत डोकावण्याचे धाडस त्यांना होत नाही. आश्रमशाळेत बारावी करणाऱ्या मुलांना तर ते फाटकही दिसत नाही.

आपल्या मिशनरींनीही शाळा आणि कॉलेज यांत फार मोठी भिंत मानली नव्हती. मुंबईचे विल्सन कॉलेज १८३२ मध्ये रेव्ह. जॉन विल्सन यांच्या छोट्या शाळेतून उभे राहिले. आधी शाळा, मग त्याच शाळेच्या अंगाने वरचे वर्ग.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. अमेरिकेसारखी, शाळेत असताना कॉलेजचे क्रेडिट जमा करण्याची सोय आपल्या वाडीवरच्या मुलाला आज सहज मिळणारी नाही, हे मी स्पष्ट सांगते. तशी आशा आपण कुणाला लावू नये. पण शिकायला बंदी नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावर नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीसाठी अकरावी पूर्ण केलेले विद्यार्थीही पात्रता प्रक्रियेत उतरू शकतात. ते पात्र ठरले तर जागा पक्की होते, शिक्षण मात्र बारावी पास झाल्यावर सुरू होते. अनुसूचित जमातीच्या मुलांना तिथे फीत सवलत आहे. गणिताची आवड असलेले एखादे मूल आपल्यात निघाले, तर ही वाट त्याला माहीत तरी असू दे.

बाकीच्यांसाठी गेल्या वर्षी आपण शनिवारची अभ्यासिका चालवून पाहिली. पदवीच्या पहिल्या वर्षाचा एकच विषय घ्यायचा, त्यातले एकच प्रकरण, तेही सावकाश. व्याख्यान ऐकायचे, टिपणे काढायची, दोन पानांची असाइनमेंट लिहायची, ती तपासून घ्यायची, पुन्हा लिहायची. आपल्यातल्याच एका निवृत्त प्राध्यापकांनी हे शिकवले. एकदा मुलांना ग्रंथालयात नेले, तेव्हा एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, पुस्तकाला हात लावायचे पैसे पडतात का?" असे प्रश्न बारावीतच विचारून झालेले बरे. पहिल्या वर्षाच्या वर्गात ते विचारायला कुणी धजत नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे. ते कंटाळवाणे आहे, पण मुलांचे भवितव्य त्यावरच अडते. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. कोकण विभागाची अनुसूचित जमातींची तपासणी समिती ठाण्याला आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे धरतात. आजोबांचा शाळेचा दाखला असेल तर उत्तम. पण कातकऱ्यांच्या किती आजोबांनी शाळा पाहिली होती? मग जुन्या महसुली नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नात्यातल्या कुणाला मिळालेली वैधता, असे शोधत हिंडावे लागते. हे काम निकालानंतरच्या तीन-चार आठवड्यांत होत नाही. अकरावीत हात घातला तर बारावी संपेपर्यंत होऊ शकते. आधारला जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृह न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेचा अर्ज, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातल्या खेपा, हे सारे मुलाने स्वतः करायला शिकावे. आपण फक्त शेजारी उभे राहायचे.

मला काहींनी विचारले, "आधी बारावी तर पास होऊ दे, पुढची घाई कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून अभ्यासिका जून ते ऑक्टोबर एवढीच ठेवायची. दिवाळीनंतर बोर्डाच्या अभ्यासाशिवाय दुसरे काही नाही. शेवटचा पेपर झाल्यावर पुन्हा सुरू. शिवाय माझा अनुभव असा, की पुढे काय आहे ते डोळ्यांनी पाहिलेले मूल बारावीचा अभ्यास अधिक नेटाने करते. ज्याला पुढे भट्टीच दिसते, त्याने रात्री जागून इतिहासाची उत्तरे का पाठ करावीत?

दुसरा प्रश्न एका आईने विचारला आणि तो अधिक अवघड आहे. "पोरगी पनवेलला राहिली तर लहानग्याला कोण बघंल?" मार्च ते जून हे मूल भट्टीवर गेले नाही, तर घरातले दोन हात कमी होतात. याचा भार आईबापांवर टाकून आपण शिक्षणाचे कौतुक करू लागलो, तर ते न्यायाचे नाही. म्हणून मदतीचा काही भाग त्या घराला धान्याच्या रूपाने द्यावा लागेल, आणि धाकटी मुले भट्टीजवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत जातात की नाही हेही आपल्यालाच पाहावे लागेल.

पनवेल आज कुठे चालले आहे ते तुम्ही पाहता. महानगरपालिका आली, सागरी सेतू झाला, विमानतळ झाला. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले कॉलेज, नवीन पनवेलचे चांगू काना ठाकूर कॉलेज अशी मोठी कॉलेजे इथे आहेत. धोदाणी, मालडुंगे या बाजूच्या वाड्यांपासून ती काही शेकडो मैल दूर नाहीत, एसटीच्या टप्प्यात आहेत. या वाड्यांतल्या मुलांना या वाढत्या शहरात फक्त माती उपसण्याचे आणि विटा वाहण्याचेच काम मिळावे का? कातकरी समाजाला सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरले आहे. ती नोंद कागदावर आहे. शहरात त्यांना जागा मिळवून देण्यासाठी मात्र कुणीतरी त्यांच्याबरोबर चालावे लागते.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. ज्यांनी शिक्षक किंवा प्राध्यापक म्हणून काम केले आहे, त्यांनी महिन्यातून दोन शनिवार द्यावेत. कचेरीत आयुष्य घालवलेल्यांनी एकेका मुलाची कागदपत्रांची फाइल आपल्या देखरेखीखाली घ्यावी. तुमच्या अनुभवाची किंमत तुम्हांला वाटते त्याहून फार मोठी आहे. ज्यांना देणगी देता येते, त्यांनी ती मार्च ते जून या चार महिन्यांसाठी नेमून द्यावी, म्हणजे मुलींच्या सुरक्षित राहण्याची, जेवणाची आणि पासची सोय होईल. महिला मंडळाने त्या मुक्कामाची जबाबदारी घ्यावी, अशी माझी वेगळी विनंती आहे. तरुण संघातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी एक दिवस आपल्याबरोबर एका पाहुण्याला वर्गात, कॅन्टीनमध्ये, ग्रंथालयात न्यावे. प्राचार्यांची परवानगी आम्ही काढू.

फी आपण पुढेही भरणारच आहोत. पण फी भरलेली खुर्ची तीन आठवड्यांत रिकामी होऊ नये, म्हणून हे आदले वर्ष आहे. ज्यांना नाव द्यायचे आहे, त्यांनी जाताना टेबलावरच्या वहीत लिहून जावे, आणि कोणता शनिवार देणार तेही लिहावे.