उपविषयाची निवड
(वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



पदवीसाठी अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या काही मुलामुलींस ख्रिस्ती विद्यापीठांत प्रवेश मिळतो. घरातील वडीलधाऱ्यांना तेव्हा पहिली चिंता धर्माची वाटते. वास्तविक १८३२ सालापासून चालत आलेली विल्सन महाविद्यालयाची परंपरा मुंबईस अपरिचित नाही. मला अधिक चिंता वाटते ती हिशोबाची.

टेक्ससमधील बेलर विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. १८४५ साली बाप्टिस्टांनी स्थापिलेले हे विद्यापीठ अन्यधर्मीयांसही प्रवेश देते; मात्र ख्रिस्ती धर्मग्रंथ व ख्रिस्ती परंपरा यांचा अभ्यास तेथे आवश्यक मानला जातो. कॅलिफोर्नियातील बायोला विद्यापीठ तर पदवीचा विद्यार्थी ख्रिस्ती श्रद्धेचाच असावा, अशी अपेक्षा ठेवते. तेव्हा ही चौकशी अर्जापूर्वीच करावी.

आता हिशोब पाहा. तेथील पदवी सामान्यतः १२० क्रेडिटांची, व एक अभ्यासक्रम बहुधा तीन क्रेडिटांचा. त्यांत मुख्य विषय, सर्वांस समान असलेले विषय आणि हे धर्मविषयक अभ्यासक्रम बसवावयाचे. उरलेल्या जागेत व्यापारविषयक उपविषय, म्हणजे तेथील भाषेत ‘मायनर’, बसला तर ठीक. त्यास सहा-सात अभ्यासक्रम सहज लागतात. शिवाय त्यांत क्रम असतो. जमाखर्च व अर्थशास्त्र झाल्यावाचून वित्तव्यवहाराच्या वर्गात प्रवेश नाही. चौथ्या वर्षी जाग येणाऱ्यास एक सत्र अधिक राहावे लागते, आणि त्या सत्राची फी बाप भरतो!

कोणता उपविषय घ्यावा? मुख्य विषय अभियांत्रिकी वा संगणक असेल तर माझा कौल जमाखर्चास अथवा वित्तव्यवहारास. विक्रीची कला दुकानाच्या गादीवर बसूनही साधते. ताळेबंद वाचणे मात्र कोणी शिकविल्यावाचून येत नाही. ज्याचा मुख्य विषयच व्यापार आहे, त्याने संख्याशास्त्र वा एखादी परभाषा घ्यावी. कन्यांनाही हाच सल्ला.

एका भ्रमापासून मात्र सावध राहावे. सध्याच्या नियमांनुसार विद्यार्थी-व्हिसावरील पदवीधरास आपल्या विषयातील कामासाठी साधारणतः १२ महिन्यांची मुभा मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांतील पदवीधरांस ती आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते. ही वाढ मुख्य विषयावरून ठरते, उपविषयावरून नव्हे. ‘मुख्य विषय व्यापार ठेवू, संगणक जोडीला घेऊ’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच विद्यार्थ्याने आपल्या सल्लागार प्राध्यापकांसमवेत बसून उरलेल्या सर्व सत्रांचा आराखडा कागदावर उतरवावा, व्यापार विभागाचे कोणते वर्ग बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुले आहेत ते लेखी विचारून घ्यावे, आणि त्या कागदाची एक प्रत घरी धाडावी.