मोगलाई आणि वऱ्हाड



जालन्याहून देऊळगावराजाला जायचं तर आज आपण एस.टी.त बसतो आणि जातो. वाटेत कुणी अडवत नाही, कुणी गाठोडं सोडून बघत नाही. पण १९४८ पर्यंत या वाटेवर दोन मुलखांची हद्द होती.

अलीकडे निजामाचं राज्य. लोक त्याला मोगलाई म्हणत. पलीकडे वऱ्हाड. तेही मूळ निजामाचंच, पण १८५३ साली त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडही मोकळं झालं. निजाम मात्र भारतात यायला तयार नव्हता. तेरा महिने सोयरे एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात!

माती तीच, ज्वारी-कापूस तोच, बोलीही जवळची. मग फरक कशात होता?

नाण्यात होता. इकडे हाली रुपया, तिकडे कळदार. सात हाली द्यावेत, तेव्हा सहा कळदार मिळत. हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. माल नेला-आणला की जकात भरा. इकडे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे.

सगळ्यांत मोठा फरक कागदाचा. आपल्या गावचा पटवारी मराठीत लिही, पण वरची कचेरी आणि अदालत चाले उर्दूत. उर्दू गोड भाषा आहे, दोष तिचा नाही. पण कुणब्याला ती वाचता येत नसे. वऱ्हाडात असे कागद मराठीत असत.

माझी आजी देऊळगावराजाकडची. तिचा भाऊ चार बुकं शिकलेला. त्याला अदालतीचा कागद आला. त्यानं तो स्वतः वाचला, तारखेला हजर झाला आणि आपली जमीन राखली. माझ्या आजोबांनाही असाच कागद आला, पण उर्दूत. गावात वाचणारा एकच, तोही परगावी गेलेला. तारीख टळली. निकाल एकतर्फी झाला. चार एकर रान गेलं. आजी म्हणायची, "नांगरानं कमावलं अन् कागदानं गमावलं."

पण वऱ्हाडात सगळं सुखच होतं, असं समजू नका. सावकार तिथंही होता. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ दोन्हीकडे पडला. आणि ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याला मराठी कागदही मुकाच होता. तोही अंगठाच उठवी.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले. १९६० साली महाराष्ट्र झाला. नाके गेले, हाली गेली. आता कागदही मराठीत आहेत.

मंडळी, हद्द पुसली ती लोकांनी लढून. कागद मराठीत आला तोही आपलं राज्य आलं म्हणून. आता तो वाचायचं काम आपलं. उद्या घरचा सातबारा काढा. नाव नीट आहे का, गट नंबर कोणता, क्षेत्र किती, ते बघा. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा लिहिलेला असतो. कर्ज फेडलं असेल तर तो उतरला का, तेही बघा. अडलं तर विचारा, विचारण्यात लाज नाही. पण न वाचता सही करू नका. माझ्या आजोबांना ही सोय नव्हती. तुम्हांला आहे.